पुतळे पुष्कळ झाले, आता तिची पत्रे लावा

द्वारकाजवळच्या वस्तीत आमच्या गटाची बैठक होती. एका मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून तिचे भाऊ कोयता घेऊन तिला शोधत होते. निम्म्या बायका मुलीच्या बाजूने, निम्म्या म्हणत होत्या, 'पण तिनं घराची अब्रू घालवली ना!' मी पिशवीतून पुस्तक काढले आणि सावित्रीबाईंनी २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून जोतिबांना लिहिलेले पत्र वाचून दाखवले.

पोथी-पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली मुलगी. मुलीला दिवस गेलेले. गावाने दोघांना मारत मारत वेशीकडे नेले, जिवे मारायलाच. सावित्रीबाई धावत गेल्या. इंग्रज सरकारच्या कायद्याने काय होईल याचा धाक घातला, दोघांना सोडवले आणि जोतिबांकडे पाठवून दिले. त्या वेळी त्या ३७ वर्षांच्या होत्या. माझ्याच वयाच्या, बायांनो! आणि एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हे पत्र माझ्या हाती पडले नव्हते.

बैठकीत कोणी बोलेना. मग एक मावशी म्हणाल्या, "ताई, हे त्या पुण्याच्या स्मारकात लिहिणार का?"

पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडेवाडा. १८४८ मध्ये जोतिबा-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती जागा. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून किती कागद लिहिले गेले! ठराव, भूसंपादनाच्या नोटिसा, भाडेकरूंचे दावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीस आलेला वाडा एका रात्रीत पाडला. या सगळ्या कागदांत बाईच्या हातचा कागद किती? तिची स्वतःची तीन पत्रे १९८८ पासून समग्र वाङ्मयात छापलेली आहेत. आराखडा त्या पत्रांपासून का सुरू होऊ नये?

कारण पुतळा सोयीचा असतो. आमच्या मुंबई नाक्यावर २०२४ मध्ये दोघांचे भव्य पुतळे बसले. आम्हीही हार घालतो, मला त्याचे वावडे नाही. पण पुतळा कोणाला अडवत नाही. ३ जानेवारीला हार घालून चार तारखेला बहिणीच्या मागे कोयता घेऊन धावता येते. पत्र भिंतीवर असले तर निदान वाचावे लागते.

१८७७ चे जुन्नरचे पत्रही तसेच. दुष्काळ, माणसे गाव सोडून चाललेली, सावकार, अटकेतले सत्यशोधक कार्यकर्ते आणि त्यांना सोडवायला कलेक्टरपुढे उभी राहिलेली बाई. 'विद्येची देवता' म्हटले की ही बाई गायब होते. (देवता केली की तिला प्रश्न विचारता येत नाहीत, आणि तीही विचारत नाही.)

मैत्रिणींनो, आम्ही संबंधितांना पत्र लिहिले आहे. तिन्ही पत्रे पूर्ण, मोठ्या अक्षरात, निरक्षर बायकांना ऐकता येतील अशी सोय करून लावा. संकटातल्या मुलीला तिथे बसून बोलता येईल अशी एक खोली ठेवा. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, तेही कुलूप नसलेले. तुमच्या गटांनीही लिहावे, आपापल्या भाषेत.

आमच्या पत्रावर १९ सह्या आहेत आणि चार अंगठे. त्यातला एक त्या मुलीच्या आईचा आहे.