सी.आर. गेला, पीआयपी आला

अमरावतीच्या आयुक्त कार्यालयापासून अकोल्याच्या कृषी विद्यापीठापर्यंत, आरक्षणामुळे नोकरीत गेलेल्या आमच्या पहिल्या पिढीला एका कागदाची धास्ती असे. तो म्हणजे गोपनीय अहवाल, कचेरीच्या भाषेत ‘सी.आर.’. साहेबाशी बिनसले की ‘तुझा सी.आर. खराब करतो’ ही धमकी ठरलेली. त्या पिढीची मुले आता पुण्याच्या हिंजवडीत संगणकावर बसली आहेत आणि त्यांच्या हाती नवा कागद पडतो आहे : परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे पीआयपी.

नाव ऐकून आईवडिलांना वाटते, कंपनी पोराला शिकवते आहे. तीस, साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत, कामातल्या उणिवांची यादी, दर आठवड्याला आढावा. शेवटी नोकरी टिकते, मुदत वाढते किंवा राजीनामा मागितला जातो. काही जण यातून खरोखर सावरतात, ते आम्ही नाकारत नाही. पण अनेक कंपन्यांत अमुक टक्के लोकांना खालची श्रेणी द्यायचीच, हे आधी ठरलेले असते. सगळ्यांनी चांगले काम केले तरी कोणीतरी तळाला जाणारच! तो कोण, हे मॅनेजर ठरवतो. मग ‘कम्युनिकेशन कमी’, ‘ओनरशिप नाही’ असे शेरे येतात. प्रोग्रॅम चुकला की नाही हे तपासता येते. ‘ओनरशिप’ कोणत्या तराजूत मोजणार? वऱ्हाडी वळणाचे इंग्रजी बोलणाऱ्या मुलाचे वजन त्या तराजूत कमी भरले, तर तो दोष त्याच्या कामाचा की तराजूचा?

सी.आर.चा अंधार न्यायालयात लढून कमी झाला, हे विसरू नये. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त यांना १९९३-९४ साली ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. पदोन्नतीसाठी ‘फार चांगला’ लागत होता. म्हणजे ‘चांगला’ हाच शेरा त्यांना नडला, आणि तो त्यांना कळवलेलाही नव्हता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ वाईटच नव्हे, प्रत्येक शेरा सरकारी नोकराला कळवला पाहिजे आणि त्याविरुद्ध अभिवेदन करता आले पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

खासगी कंपनीत हा निकाल कामी येत नाही. तेथे संविधानाचे कलम ३११ नाही, आरक्षण नाही, बहुधा युनियनही नाही. उरतो तो आपला लेखी पुरावा. म्हणून पीआयपी हाती पडताच ‘मिळाले, मान्य नाही’ असे लिहून पोच द्यावी. उद्दिष्टे आकड्यांत मागावीत. आढाव्यात काय बोलणे झाले ते त्याच दिवशी ई-मेलने कळवावे. ‘राजीनामा दे, अनुभवाचे पत्र चांगले देऊ’ या गोडव्याला लगेच भुलू नये. कायद्याने जो कामगार ठरतो त्याला छाटणीत दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई मिळते. स्वतःहून राजीनामा दिला की तो दावा बुडतो. आणि कामगार कोण, हे हुद्द्याच्या इंग्रजी नावावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून ठरते. सही करण्याआधी कामगार कायद्याचा वकील गाठावा.

सी.आर.मधल्या शेऱ्याविरुद्ध अभिवेदने लिहिलेले निवृत्त कर्मचारी अमरावती-अकोल्यात आजही आहेत. पुण्याहून पोराचा फोन आला तर ‘मन लावून काम कर’ एवढेच सांगून तो ठेवू नका. कागदावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगा, आणि उत्तराचा मसुदा सोबत बसून करा.