बाळाला कडेची सवय लागते का?

"सारखं उचलू नकोस, कडेची सवय लागेल." नव्या आईला हे वाक्य आपल्या घरांत रोज ऐकावे लागते. सांगणाऱ्या दादीमाँचा हेतू चांगलाच असतो. सुनेची कामे खोळंबलेली त्यांना दिसत असतात. पण पहिल्या काही महिन्यांच्या बाळाला हा सल्ला लागू पडत नाही.

एवढ्या लहान बाळाला हट्ट करता येत नाही. भूक, ओले दुपटे, पोटदुखी, झोप, एकटेपणा, या सगळ्यांसाठी त्याच्याजवळ एक रडणेच असते. आपण रडलो की कुणीतरी येते, हे रोज अनुभवास आले की त्याचा माणसांवर विश्वास बसतो. बाळाच्या मनाचे आरोग्य म्हणतात ते इथून सुरू होते.

सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या अभ्यासकांनी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात २६ मायलेकरांच्या घरी जाऊन बाळाच्या पहिल्या वर्षातले निरीक्षण केले. १९७२ साली त्यांनी मांडले की, सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याकडे लगेच लक्ष दिले गेले, ती बाळे पुढे कमी रडत होती.

नमाज पढवताना बाळाचे रडणे कानी आले, तर त्याच्या आईची घालमेल होऊ नये म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) नमाज आटोपती घेत. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत आहे.

बाळाला कुशीबरोबर आपला चेहराही लागतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसूनबोलून झाल्यावर आईने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ हसून, हातपाय हलवून तिला बोलावते; उत्तर मिळाले नाही की तोंड फिरवते, हिरमुसते. बाळ मांडीवर आणि आपली नजर मोबाईलवर, तेव्हा त्याला असाच चेहरा दिसत असतो.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. महाराष्ट्रातील अंगणवाड्यांतून युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने 'आरंभ' हा उपक्रम राबवला गेला. त्यातल्या पालक मेळाव्यांत घरच्याच वस्तूंनी बाळाशी कसे खेळावे, ते दाखवतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 'नवचेतना' आराखडाही काढला आहे. आपल्या अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करा.

आता आईविषयी. चाळीस दिवस माहेरी सगळे भोवती असतात. सासरी परतल्यावर ती बाळासह एकटी पडते. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती उदास असेल, बाळ झोपले तरी तिला झोप येत नसेल, बाळाला घ्यावेसे वाटत नसेल, तर 'नजर लागली' किंवा 'आळशी आहे' म्हणून सोडून देऊ नका. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा. 'टेलि-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. जीव देण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवत असेल, तर तिला एकटी ठेवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अब्बांनाही काम आहे. रात्री घरी आल्यावर मोबाईल बाजूला ठेवून अर्धा तास बाळ आपल्याकडे घ्या, त्याच्याशी बोला. तेवढ्या वेळात त्याची अम्मी निवांत जेवू शकेल. आणि दादीमाँ, बाळ रडले तर खुशाल उचलून घ्या.