उधारीच्या वहीतलं पाणी



मागच्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून गावी आला होता. तो दुकानांची मोठी साखळी चालवणाऱ्या एका कंपनीत आहे. गल्ल्याजवळ बसून त्यानं विचारलं, "काका, आपल्या दुकानाला रोज पाणी किती लागतं?"

मला हसू आलं. जामसांवलीचं आमचं साधं किराणा दुकान. प्यायचा माठ, फरशीला एक बादली, उन्हाळ्यात कूलर आणि दारात सडा. मंगळवारी-शनिवारी हनुमानाच्या दर्शनाला गर्दी होते, तेव्हा एक माठ जास्त. "शंभरेक लिटर धर," मी म्हटलं.

तो म्हणाला, "काका, सेबीच्या नियमानं 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना पाण्याचा हिशोब द्यावा लागतो. पण दुकानात लागतं ते थोडंच. खरं पाणी मालात असतं. एका सुती टी-शर्टमागे जगाच्या सरासरीनं अंदाजे 2,500 लिटर धरतात, ते मुख्यतः कापसाच्या शेतातलं."

मी कपाटातून जुनी उधारीची वही काढून त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, "आपलं पाणी इथं आहे, बाळा."

आपला सौंसर-पांढुर्णा भाग संत्र्याचा. आंबिया बहारासाठी थंडीत झाडांचं पाणी तोडून ताण देतात, मग पाणी सोडलं की फूल येतं. ताणातच अवकाळी पाऊस आला तर बहार बिघडतो. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात असतो, तो पावसाळ्याच्या भरवशावर. ही संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायला येतात, आणि त्याच सुमारास आंबियाचं फूल झाडावर असतं.

एका वर्षी नेमकी तेव्हाच गारपीट झाली. मृगाचा तयार माल खाली आणि आंबियाचं फूलही खाली. चार दिवसांनी एक शेतकरी दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. "भाऊ, दिवाळीपर्यंत थांबशीन काय?" नाही कसं म्हणणार? लेकीच्या लग्नाला आम्हीच सामान दिलं होतं. त्याच्यामागून बाकीचे आले. इकडे नागपूरचा ठोक व्यापारी थांबायला तयार नव्हता. शेवटी मुदत ठेव मोडली.

तेव्हा कळलं, वहीत चाळीस नावं होती, पण जवळजवळ सगळी एकाच पिकाच्या आणि एकाच आभाळाच्या भरवशावर. मी त्यांना चाळीस गिऱ्हाईक समजत होतो.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. वहीत नावापुढे संत्रा, कापूस, नोकरी की मजुरी, आणि विहीर की बोअर, हे लिहू लागलो. एकाच पिकावरची उधारी ठरावीक रकमेपुढे जाऊ देत नाही. वसुलीची तारीख बहार पाहून ठरवतो. दर्शनाला येणाऱ्यांसाठी नारळ-प्रसाद ठेवला, तो रोखीचा. ठिबकच्या नळीचे जोडही ठेवतो, कारण गिऱ्हाइकाच्या बागेत पाणी वाचलं तर माझी उधारी वाचते.

आणि छताचं पाणी टाकीत घेतलं. हिशोब सोपा आहे: 100 चौरस मीटर छतावर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,000 लिटर. थोडं वाया जातं, तरी सडा आणि फरशी त्यातच भागते.

पुतण्यानं वहीच्या पानांचे फोटो काढले, नावं झाकून. म्हणाला, "काका, आमच्याकडे याला हवामान जोखीम म्हणतात."

"म्हणा बाप्पा," मी म्हटलं. "आम्ही उधारी म्हणतो."

तरुण मंडळी, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी दुकान आहे किंवा होतं. सुट्टीत घरी गेलात की जुनी वही मागून घ्या. कोणत्या वर्षी वसुली बुडाली ते पाहा आणि आजी-आजोबांना विचारा, त्या वर्षी पाऊस कसा होता?