तू काय खेळतोस?

भीमजयंतीच्या टेनिस क्रिकेट सामन्यांसाठी परवा विहारात संघाची यादी करायला बसलो. कारकून माणूस, म्हणून वही माझ्याच हाती! एकेकाला विचारले, "तू काय खेळतोस?" अकरापैकी आठ जण म्हणाले, "ऑलराउंडर." त्यातल्या दोघांना चेंडू टाकताना वस्तीत कुणी पाहिलेले नाही.

एक पोरगा मात्र सरळ बोलला, "काका, डावखुरी स्पिन टाकतो. टप्पा चुकत नाही. बॅटिंग जमते का ठाऊक नाही, कुणी दिलीच नाही."

मला पालवणकर बाळू आठवले. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज, चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात नेटमध्ये तासन् तास चेंडू टाकत, पण बॅट त्यांच्या हाती येत नसे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच गोलंदाजाने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तान म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. तो मान १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

तिथे बॅट न देणारे साहेब होते. आमच्याकडे कोण? गेली दोन वर्षे या पोराचे नाव अकराव्या नंबरावर मीच लिहीत आलो, त्याला न विचारता.

यंदा सहावा लिहिला. कप्तान कुरकुरला. म्हटले, "सरावात रोज दोन ओव्हर त्याला खेळू दे, मग बोल." आणि त्या आठही ऑलराउंडरांना रविवारी सकाळी मैदानावर बोलावले आहे. सहा चेंडू टाका, सहा खेळा. वही घेऊन मी बसतोच आहे.