पत्ता : ट्रकची केबिन

सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर पत्त्याचा एक रकाना असतो. आमच्याकडे ओपीडीत ट्रकचालक बरेच येतात. त्यातले काही जण गावाचं नाव सांगतात आणि लगेच पुस्ती जोडतात, ‘‘पण राहायला गाडीतच असतो.’’ ही अतिशयोक्ती नसते. महिन्यातले वीस-बावीस दिवस सीटमागची अरुंद फळी हेच त्यांचं अंथरूण असतं. पाण्याचा कॅन म्हणजे न्हाणीघर आणि समोरच्या काचेवरची जागा म्हणजे देव्हारा.

असेच पन्नाशीला टेकलेले एक चालक माझ्याकडे यायचे. रक्तदाब १८०/११०. मी गोळी लिहून दिली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘‘रोज सकाळी ठरलेल्या वेळी घ्यायची.’’ महिन्याने आले तेव्हा रक्तदाब तेवढाच आणि अर्ध्याहून अधिक गोळ्या शिल्लक. मी रागावलो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी पुन्हा रागावलो. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, माझी सकाळ रोज वेगळ्या वेळी होते.’’

गाडी रात्री भरली की ते पहाटेपर्यंत चालवणार आणि दुपारी झोपणार. कधी माल उतरवायला दोन दिवस रांगेत. ‘सकाळी नाश्त्यानंतर’ हा माझा सल्ला घरात राहणाऱ्या माणसासाठी होता. गाडीत राहणाऱ्याला तो लागू पडत नव्हता, आणि हे कळायला मला तीन भेटी लागल्या.

मग मी विचारलं, ‘‘काहीही झालं तरी रोज न चुकता करता असं काय आहे?’’ त्यांना विचार करावा लागला नाही. ‘‘उठलो की काच पुसतो, तोंड धुतो, विठोबाला अगरबत्ती लावतो. मग खाली उतरून दोन मिनिटं नुसता उभा राहतो. आभाळ बघतो. त्याशिवाय चावी फिरवत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मग गोळ्यांची पट्टी अगरबत्तीच्या पुड्याला रबराने बांधा.’’

पुढच्या भेटीत पट्टी संपलेली होती आणि रक्तदाब १४६/९२ होता. अजून खाली यायला हवा, पण ती सुरुवात होती. रक्तदाब गोळीने उतरला, गोळीची आठवण देवाने ठेवली. औषध रोजच्या पक्क्या सवयीला जोडलं की ते चुकण्याची शक्यता कमी होते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. अम्लोडिपिनसारखी गोळी शरीरात दीर्घकाळ टिकते, त्यामुळे काही तास मागेपुढे झाल्याने मोठा फरक पडत नाही. रोजच चुकवली तर पडतो. (कोणती गोळी केव्हा घ्यायची, हे मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.)

पण माझ्या मनात राहिली ती अगरबत्तीनंतरची दोन मिनिटं. ते आभाळ का बघतात?

आपल्याकडे या भावनेला जुनं नाव आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा एक रस आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव. आधुनिक मानसशास्त्र या विषयाकडे बरंच उशिरा वळलं. २००३ मध्ये डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विस्मयाची दोन लक्षणं मांडली. समोर आपल्याहून फार मोठं काहीतरी असणं हे पहिलं, आणि ते सामावून घेण्यासाठी आपल्या समजुतीला थोडं सरकावं लागणं हे दुसरं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या ज्येष्ठ नागरिकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालायला सांगितलं होतं. एका गटाला इतकीच जास्तीची सूचना होती की, वाटेत नवल वाटेल असं काही शोधा. त्या गटाला आनंद, कृतज्ञता अशा भावना अधिक जाणवल्या. गंमत म्हणजे, त्यांनी वाटेत काढलेल्या स्वतःच्या छायाचित्रांत ते स्वतः हळूहळू लहान होत गेले आणि भोवतालचं दृश्य मोठं होत गेलं.

अभ्यास छोटा होता. त्यावरून ‘विस्मयाने आजार बरे होतात’ असं म्हणणं चूक ठरेल. पण नवल वाटण्यासाठी हिमालयात जावं लागत नाही, लक्ष द्यावं लागतं, एवढं त्यातून म्हणता येतं. आमचे हे चालक ते अनेक वर्षं करत आले आहेत, कोणी सूचना न देता.

एकदा ऑक्टोबरात ते आले तेव्हा ओपीडी संपत आली होती. म्हणाले, ‘‘पहाटे चारला घाटमाथ्यावर थांबलो की आग्नेयेला एक तारा लखलखतो. कुठला?’’ तो व्याध असणार, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. मी सांगितलं की तो सुमारे साडेआठ प्रकाशवर्षं लांब आहे. म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा त्याचा उजेड साडेआठ वर्षांपूर्वी तिथून निघालेला असतो. त्यांनी बोटांवर हिशेब केला. ‘‘म्हणजे पोरगी पाचवीत होती तेव्हा निघालेला. आता ती कॉलेजात आहे. तितकी वर्षं तो वाटेतच होता?’’ मग स्वतःशीच म्हणाले, ‘‘आपल्यापेक्षा लांबची ट्रीप.’’

सूर्याचंही गणित आम्ही मांडलं. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. ताशी ६० किलोमीटरने ट्रक न थांबता चालवला तर पोचायला सुमारे २८५ वर्षं लागतील. सूर्याचा उजेड तेच अंतर आठ मिनिटं वीस सेकंदांत कापून त्यांच्या काचेवर येतो. विज्ञानाने त्यांच्या विठोबाला धक्का लागला नाही, उलट त्यांचं आभाळ आणखी खोल झालं. अध्यात्म आणि विज्ञान यांचं भांडण आपण व्यासपीठांवर लावतो. त्या केबिनमध्ये दोन्ही शेजारी बसली होती.

आता वाहनात राहण्याचं आकर्षण वाढलं आहे. घर सोडून गाडीत संसार थाटणाऱ्यांची सुंदर छायाचित्रं आपण मोबाइलवर पाहतो. त्यांना काही सापडत असेल तर मला त्याचा आनंदच आहे. मात्र, त्यांनी गाडी निवडलेली असते आणि कंटाळा आला तर परतायला घर असतं. ट्रकचालकाची गाडी हे त्याचं पोट असतं. म्हणून त्याच्या विस्मयाचं कौतुक करताना मला एक भीती वाटते. ‘बघा, किती समाधानी आहेत!’ असं म्हणून आपण त्यांच्या हालांकडे पाठ फिरवू, ही ती भीती.

ते हाल मी रोज तपासतो. शौचालय मिळत नाही म्हणून पाणी कमी पिणं आणि मग मूतखडा. तासन् तास बसून कंबरदुखी, अवेळी ढाब्यावरचं जेवण आणि आटोक्याबाहेर गेलेली साखर. सर्वांत वाईट म्हणजे अपुरी झोप. सतत १७ तास जागा असलेल्या माणसाची सावधानता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्याने वाहनचालकासाठी मद्याची मर्यादा ०.०३ टक्के ठेवली आहे. म्हणजे दारूला न शिवणारा आणि पहाटेचा तारा भक्तीने बघणारा माणूसही, त्या क्षणी स्टेअरिंगवर बसण्याच्या लायक नसू शकतो. घाटमाथ्यावरच्या त्या पहाटेबद्दल ऐकताना मला आधी व्याध आठवला. हा माणूस किती तास जागा असेल, हे नंतर आठवलं. डॉक्टर म्हणून क्रम उलटा हवा होता.

श्रद्धेच्या बाबतीतही काही गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. बंद केबिनमध्ये अगरबत्तीचा धूर कोंडतो आणि त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसात जातात. दार उघडं ठेवून लावावी आणि निजण्याआधी विझवावी. थंडीत किंवा पावसात बंद केबिनमध्ये स्टोव्ह वा शेगडी पेटवून झोपणं तर जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. हे मी आमच्या चालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘विठोबाला बाहेरची हवा चालते.’’

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. रस्त्यावर ती किती पाळली गेली, हे कोणत्याही ढाब्यावर विचारावं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांमधली माणसं त्याच तापलेल्या पत्र्याखाली झोपतात. महामार्गांवर ठरावीक अंतराने सुरक्षित वाहनतळ, स्वच्छ शौचालय, अंघोळीची सोय आणि कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात जुन्या केसपेपरवर पुढच्या गोळ्या मिळण्याची व्यवस्था हवी. यातलं काहीही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही.

आणि आम्हा डॉक्टरांनी एक प्रश्न वाढवायला हवा. ‘काय त्रास होतो?’ याच्यासोबत ‘रोज न चुकता काय करता?’ असंही विचारावं. कोणी नमाज सांगेल, कोणी तुळशीला पाणी, कोणी नुसतं आभाळ. त्या उत्तरात औषधाला जागा सापडते आणि माणूसही थोडा कळतो.

गेल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, ‘‘साहेब, तुम्ही बघितला का तो तारा?’’ मी सरकारी निवासस्थानात राहतो, डोक्यावर पक्कं छप्पर आहे आणि गच्चीचा जिना दाराशेजारीच आहे. कित्येक वर्षांत मी पहाटे वर गेलेलो नाही, हे त्यांना सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मला माझ्याच सुरात बजावलं, ‘‘महिन्याने येतो. तोवर बघून ठेवा.’’