प्रश्न तासांचा आहे

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मतः किंवा बालपणाच्या प्रारंभी झालेल्या इजेमुळे हालचालींवर आलेले कायमचे बंधन. अशा मुलाला चालता येईल काय, हा प्रश्न सर्वांना सुचतो. त्याचे हात काय करू शकतील, हे क्वचितच विचारले जाते. वस्तुतः घास घेणे, बटण लावणे, लिहिणे आणि पुढे चरितार्थ चालविणे ही बहुतांशी हातांची कामे होत.

मेंदूची इजा भरून येत नाही. परंतु हातांचे कौशल्य वाढू शकते. शरीराची एकच बाजू दुबळी असल्यास सबळ हात रोज काही वेळ मोजा घालून आवरून धरणे व दुबळ्या हाताकडून काम करवून घेणे, किंवा दोन्ही हातांच्या कामांचा कसून सराव करणे, या पद्धती परिणामकारक ठरल्या आहेत. त्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. मात्र दुसऱ्याने हात नुसता चोळून वा ताणून भागत नाही. मुलाने स्वतः ते काम पुन्हा पुन्हा करावे लागते. हातांच्या एकूण कार्यक्षमतेत फरक पडण्यास, घरचा सराव धरून, ३० ते ४० तास लागतात, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आता साधा हिशेब करू. महिन्यातून एकदा अर्धा तास उपचार मिळाला, तर वर्षाकाठी ६ तास होतात. ४० तासांना साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागेल. उरलेले तास कोणी द्यावयाचे? सधन घरात ते विकत घेतले जातात. श्रमिकाच्या घरात ते आईने द्यावयाचे, तेही स्वतःची मजुरी बुडवून. निसर्गाच्या अन्यायावर वर्गीय अन्यायाचा थर चढतो, तो असा.

अपंगांना साहित्य पुरविण्याची केंद्राची योजना १९८१ पासून आहे. साहित्य आवश्यकच आहे. परंतु ते शिबिरात एका दिवसात वाटता येते, तास तसे वाटता येत नाहीत. २०१६ च्या कायद्याने पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली खरी, पण ती 'आर्थिक क्षमतेच्या' मर्यादेत. तिजोरीच्या सोयीने मिळतो तो हक्क नव्हे, तो केवळ दानधर्म होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात किती शिबिरे झाली, एवढ्यावर थांबू नये. प्रत्येक मुलाला वर्षात किती तास मिळाले, हे विचारावे. तालुका रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञाचे कायम पद आणि आईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, या दोन मागण्या आपल्या जाहीरनाम्यात आल्याच पाहिजेत.