विश्लेषण : लिनक्सवर माऊस ‘हातात का येत नाही’?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले संगणक गुहागरसारख्या तालुक्याच्या गावीही दुकानांत, शाळांत, घरांत आहेत. ते भंगारात घालण्यापेक्षा त्यांवर लिनक्स टाकणे हा कमी खर्चाचा मार्ग. मात्र तो धरणारे अनेकदा पहिल्याच दिवशी एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपाशी अडखळतात. माऊस हातात येत नाही. लिनक्स टाकून देणारा ‘होईल सवय’ म्हणतो आणि निघतो. हे उत्तर पुरेसे नाही.

नेमके काय होते?

मोबाइलवर बोट जिथे टेकते तिथेच काम होते. माऊसचे तसे नाही. आपण किती सरकलो एवढेच तो संगणकाला कळवतो. पडद्यावरचा बाण किती हलवायचा हे सॉफ्टवेअर ठरवते. ते ठरवताना हाताचा वेगही पाहिला जातो. माऊस सावकाश सरकवला तर बाण थोडा हलतो, तेच अंतर झटक्यात कापले तर बराच पुढे जातो. यालाच ॲक्सिलरेशन म्हणतात. विंडोजमध्येही ते असते, ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ या नावाने. पण दोन्हीकडचे गणित वेगळे. मनगटात वर्षानुवर्षे बसलेला अंदाज लिनक्सवर चुकतो, त्यात माणसाच्या हाताचा दोष नसतो.

याची किंमत अर्ज भरणाऱ्याला कळते. इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातील ९ तालुक्यांच्या यादीत गुहागर येते दापोली आणि खेडच्या मध्ये. बाण एक ओळ घसरला की वेळणेश्वरचा विद्यार्थी खेडचा होतो.

वेगाची पट्टी पुरत नाही

बहुतेक जण सेटिंगमध्ये जाऊन वेगाची पट्टी मागेपुढे करतात आणि वैतागतात. वेग आणि ॲक्सिलरेशन या दोन गोष्टी आहेत. आजच्या बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर माऊसचे काम ‘लिबइनपुट’ हा घटक पाहतो. त्यात मुख्य दोन पर्याय : ‘ॲडॅप्टिव्ह’मध्ये हाताच्या वेगानुसार बाणाची झेप बदलते, ‘फ्लॅट’मध्ये माऊस जेवढा सरकला त्याच प्रमाणात बाण सरकतो. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपवर ही निवड माऊसच्या सेटिंगमध्येच मिळते.

सध्या कोणता पर्याय सुरू आहे, हे ओळखणे सोपे आहे. माऊस मोजपट्टीलगत सावकाश १० सेंटिमीटर सरकवावा आणि झटक्यात तेवढाच मागे आणावा. बाण मूळ जागी आला तर ‘फ्लॅट’, भलतीकडे गेला तर ‘ॲडॅप्टिव्ह’. बाण पडद्याच्या कडेला अडणार नाही एवढे पाहावे.

‘ॲक्सिलरेशन बंदच करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मुख्यतः गेम खेळणाऱ्यांचा. प्रिंटर, झेरॉक्सचे गठ्ठे आणि कीबोर्ड यांतून माऊसला वीतभर जागा उरलेल्या काउंटरवर ‘ॲडॅप्टिव्ह’च बरे; नाहीतर पडदा ओलांडायला माऊस चार वेळा उचलावा लागतो. हात थरथरणाऱ्या ज्येष्ठांना मात्र कमी वेगाचा ‘फ्लॅट’ आधी द्यावा, कारण हाताचा अनाहूत झटका त्यात वाढवला जात नाही. लॅपटॉपच्या टचपॅडची सेटिंग वेगळी असते.

टर्मिनलमध्ये ‘एक्सइनपुट’ची आज्ञा देऊन केलेला बदल संगणक पुन्हा सुरू केला की जातो, आणि ‘वेलँड’वर चालणाऱ्या नव्या डेस्कटॉपवर त्या आज्ञेचा उपयोगच होत नाही. म्हणून सेटिंगची खिडकीच वापरलेली बरी.

हे सगळे लिनक्स टाकणाऱ्याचे काम आहे. जो संगणक वापरणार त्यालाच खुर्चीत बसवून, दोन्ही पर्याय हाताळायला देऊन मगच यंत्र सोपवावे; दहा मिनिटेही लागत नाहीत. ग्नोम-केडीईत ही निवड प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यापुरती जपली जाते. तेव्हा घरात आजोबा आणि नातू एकच संगणक वापरत असतील, तर दोघांना दोन खाती काढून द्यावीत.